समर्थ साथ

ताई : अण्णांच्या किल्ल्यांवर चार पानं, आणि आईवर एक ओळ. ‘त्यांना पत्नीची समर्थ साथ लाभली.’ कुणी लिहिली ही?

मी : मीच. वर्षश्राद्धाला वाटायची स्मरणिका आहे ताई, चौकशीचा अहवाल नव्हे.

ताई : साथ म्हणजे काय रे? रेस्टच्या दिवशी माणूस चोळा पॉवर हाऊसमधून नाइट करून यायचा, भाकऱ्या बांधून घ्यायचा आणि ठाकुर्लीहून कर्जत लोकल पकडायचा. कोंडिवड्यावरून राजमाची, नाहीतर खांडसहून भीमाशंकर. मला गोवर निघाला त्या रात्री ते राजमाचीच्या श्रीवर्धन बालेकिल्ल्यावर होते.

मी : आणि त्याच माणसाने आपल्याला सह्याद्री दाखवला. १९२९ साली रेल्वेला वीज पुरवायला उभारलेलं ते पॉवर हाऊस. कोळसा, राख, तीन पाळ्या. किल्ले नसते तर अण्णा त्यात टिकले असते का? माणूस गेला की त्याच्यातलं सगळ्यात जिवंत जे होतं ते पुढे न्यावं. कादंबरीकार गोनीदां, म्हणजे गो. नी. दांडेकर, १९९८ साली गेले. त्यांची मुलगी वीणा देव आणि घरच्या मंडळींनी त्यांच्या हयातीत सुरू केलेली कादंबऱ्यांची अभिवाचनं त्यांच्यामागेही चालूच ठेवली. ‘माचीवरला बुधा’ ऐकताना राजमाची न पाहिलेल्या माणसालाही ती दिसते. याहून चांगलं स्मारक कोणतं?

ताई : गोनीदांची पुस्तकं लोकांच्या घरात आहेत. घरच्यांनी काही सांगितलं, तर वाचक ते पुस्तकांशी ताडून पाहतो. अण्णांचं कोण ताडून पाहणार? माझ्या नातवंडांपर्यंत पोचतील ते आपण छापलेले अण्णा. म्हणून तर जास्त जपून लिहायला हवं. लक्ष्मीबाई टिळकांचं बघ. सामान आणायला निघालेले त्यांचे नवरे, कवी ना. वा. टिळक, दौत विकत घेऊन आले, हे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं. टिळकांचं कवीपण त्या दौतीत जेवढं दिसतं तेवढं गौरवलेखांत दिसत नाही. कारण दौतीच्या पलीकडे सामानाची वाट पाहणारी बायकोही दिसते.

मी : लक्ष्मीबाईंना तो अधिकार होता. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं ताटातूट सोसून त्या आपल्या पायांनी, आपल्या वेळेला त्यांच्याकडे गेल्या. त्या टिळकांशी समोरासमोर भांडल्या. म्हणून ‘स्मृतिचित्रे’त त्यांना हसता येतं. आपण अण्णांना एकदा तरी विचारलं, की गोवराच्या रात्री तुम्ही कुठे होतात? आता विचारायचं म्हणजे जो उत्तर देऊ शकत नाही त्याला कोर्टात उभं करायचं.

ताई : छान! जिवंतपणी धाक म्हणून विचारायचं नाही, मेल्यावर आदर म्हणून विचारायचं नाही. बापांची सोय चांगली आहे.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचा तरी आक्षेप नेमका कशाला होता? अण्णांच्या नादाला नक्कीच नाही. कर्जतच्या पुढचा घाट गाडीतून दिसू लागला, की आजही ती खिडकीशी जाते. हा नाद तिच्यातही उतरलाय, आणि बहुधा म्हणूनच त्याची किंमत तिला इतकी बोचते.

मी : मग आईलाच विचारू.

ताई : काल विचारलं. म्हणाली, “ते डोंगरावर गेले की घर माझं असायचं. तुम्हाला शेजारच्या काकूंकडे जेवायला सोडून मी डोंबिवलीला मॅटिनीला जायचे.” मी इतकी वर्षं धरून चालले होते, की अण्णांमुळे ती थकायची आणि म्हणून आपल्याला काकूंकडे पाठवायची.

मी : म्हणजे तिने काही सोसलंच नाही? तिच्या नावाने आपणच कुढत होतो?

ताई : तसंही नाही. गोवराच्या रात्रीचं अजून बोलते. मॅटिनीचंही बोलते. एकीने दुसरी खोटी ठरत नाही. आपल्याला मात्र एक काहीतरी हवंय, बिचारी आई किंवा समर्थ आई.

मी : मग दोन्ही छापू.

ताई : दोन्ही छापायचं नाही म्हणते. “माझं मी सांगेन, सांगावंसं वाटलं तर.” तुझी ओळ तेवढी खोडायला सांगितलीय.

मी : आणि तू गप्प बसलीस?

ताई : मी म्हटलं, अगं, मग तू कुठेच दिसणार नाहीस. तर म्हणाली, “मी जिवंत आहे की!” शिवाय मुखपृष्ठावर राजमाचीचा फोटोही नको म्हणते. त्यात ते दिसतच नाहीत, नुसता डोंगर दिसतो.

मी : पण अण्णांचा सगळ्यात आवडता फोटो तोच.

ताई : माझाही. छापखान्यात कधी द्यायचंय?

मी : शुक्रवारी.