घरचे माप



श्रीबसवण्णांच्या काळी कल्याणनगरीत आयदक्की मारय्या आणि त्यांची धर्मपत्नी लक्कम्मा हे शरण दांपत्य राहत असे. महामनेच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणायचे, त्यातून जंगमांची सेवा करायची आणि उरेल तो प्रसाद आपण घ्यायचा, हे त्यांचे कायक. एके दिवशी मारय्या रोजच्यापेक्षा अधिक तांदूळ घेऊन घरी आले. लक्कम्मांनी ते पाहताच सांगितले, की जास्तीचे तांदूळ जिथून आणले तिथेच टाकून या. ही कथा आपण प्रवचनांतून अनेकदा ऐकली आहे. ऐकताना आपण मान डोलावतो आणि मनात म्हणतो, त्या काळी हे ठीक होते. आज असे वागणारा मनुष्य संसार कसा करील?

थोडा विचार करा. त्या दिवशी तांदूळ जास्त आले, हे लक्कम्मांना कळले कसे? घरात रोज किती लागते हे त्यांना ठाऊक होते म्हणून. ज्या घराला आपले माप ठाऊक आहे, त्याच घराला जास्त काय आणि कमी काय हे कळते. पैसा टिकतो तो अशाच घरात. ज्या घराला माप नाही, तिथे लाख आले तरी ते रोजचेच वाटतात.

आपल्या डिचोली तालुक्याने हे डोळ्यांनी पाहिले आहे. चीनमधून मागणी वाढली आणि एकेकाळी हलक्या प्रतीची म्हणून बाजूला टाकलेली खनिज मातीदेखील सोन्याच्या भावाने गेली. शिरगाव, मये, पिळगाव या गावांतून ट्रकांच्या रांगा लागल्या. सारमानसच्या धक्क्यावरून बार्जी भरून मांडवीतून मुरगावकडे जाऊ लागल्या. कर्ज काढून एक ट्रक घेतला, तो चालला. मग दुसरा घेतला. हप्ता जाऊन हातात रोकड राहत होती. घरे वाढली, गाड्या आल्या, लग्ने मोठी झाली. शेतात खाणीचा गाळ आला तरी कोणाला फारसे जाणवले नाही, कारण तांदूळ बाजारात मिळत होते.

मग 10 सप्टेंबर 2012 रोजी राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि 5 ऑक्टोबर 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही ते थांबवले. 2014 साली वर्षाला 2 कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी मिळाली. पण 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा बंद पडल्या. खेप थांबली; हप्ता मात्र थांबला नाही.

खाणी बंद झाल्या यात ट्रकवाल्या गृहस्थाचा काहीच दोष नव्हता. संकट सर्वांवर सारखेच आले. तरी त्याच वाड्यावर एक घर उभे राहिले आणि दुसरे कोसळले, असे का घडले? ज्याने त्या वर्षांना हंगाम मानले, त्याने हंगामात साठवले. दुसरा ट्रक घेण्याआधी पहिल्याचे कर्ज फेडले. पाण्याजवळची थोडी शेती सोडली नाही. ज्याने त्या हंगामालाच पगार मानले, त्याने पुढच्या दहा वर्षांची मिळकत आजच खर्चून टाकली. एकाकडे माप होते, दुसऱ्याकडे नव्हते, इतकाच फरक.

आता हीच परीक्षा पेडणे तालुक्यासमोर आहे. मोपाच्या पठारावरील विमानतळाचे उद्‌घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झाले आणि 5 जानेवारी 2023 पासून विमाने उतरू लागली. किनाऱ्यावर मोरजी, मांद्रे, हरमल येथे जमिनीचे भाव आधीच चढले होते. ते वारे आता आतल्या गावांतही पोहोचले आहे. आजोबांनी राखलेली काजूची बाग एका सहीने नोटांत बदलते. बंधूंनो, जमीन विकून आलेला पैसा हे उत्पन्न नव्हे. तीच जमीन आता कागदाच्या रूपात आपल्या हाती आहे. त्यातून गाडी आणि मेजवानी झाली, तर आजोबांची बाग आपण खाल्ली असे समजावे. त्यातून मुलांचे शिक्षण झाले, एखादा व्यवसाय उभा राहिला, किंवा निदान व्याज येत राहिले, तर बाग वेगळ्या रूपात फळत आहे.

मग माप कसे राखावे? पहिली सवय वहीची. आले किती, गेले किती, देणे किती, हे रोज लिहावे. श्रीबसवण्णा स्वतः बिज्जळाच्या दरबारी भांडारी होते. हिशेब ठेवणे हे भक्ताला कमीपणाचे नाही.

दुसरी सवय आधी बाजूला काढण्याची. 1928 साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेने पिग्मी ठेव सुरू केली, तेव्हा रोज दोन आणे दारी येऊन गोळा केले जात. दोन आण्यांनी कोणी श्रीमंत होत नाही; पण रोज दोन आणे काढणारा हात उधळपट्टीला सहज वळत नाही. याउलट मटक्याचा हिशेब करा. रोज 50 रुपये आकड्यावर लावणारा वर्षाला 18,250 रुपये लावतो, दहा वर्षांत 1,82,500. पणजीच्या नदीतील कॅसिनोंची तर गोष्टच नको. कष्टाविना मिळेल ही आशा एकदा जडली, की मनुष्य कायकापासून दूर जातो आणि मग हाती आलेलेही टिकत नाही.

तिसरी सवय श्रमाची लाज सोडण्याची. नुलिय चंदय्या गवताच्या दोऱ्या वळत. मोळिगे मारय्या काश्मीरचे राज्य सोडून आले आणि कल्याणात लाकडाच्या मोळ्या विकू लागले, असे परंपरा सांगते. आणि आपला मुलगा सरकारी नोकरीच्या वाटेकडे डोळे लावून पाच-सहा वर्षे घरी बसतो. बाजारातले गाळे मात्र इतर लोक चालवतात!

चौथी सवय दासोहाची. आपण म्हणाल, बचतीच्या गोष्टीत दान कुठून आले? जो मिळकतीतला ठराविक वाटा समाजासाठी काढतो, त्याला मिळकत किती हे मोजावेच लागते. परंतु कर्ज काढून घातलेल्या पंगतीला दासोह म्हणू नये. ती प्रतिष्ठेची भूक आहे.

शेवटची गोष्ट भगिनींसाठी, आणि त्याहून अधिक बंधूंसाठी. आपल्या गोव्याच्या नागरी कायद्यात पती-पत्नीची मालमत्ता सर्वसाधारणपणे समाईक असते आणि स्थावर विकताना पत्नीची संमती लागते. म्हणजे विक्रीखतावर लक्कम्माची सही घेतली जाते; पण सही घेण्यापूर्वी तिचा सल्ला घेतला जातो काय? कर्ज किती, कोणाचे, केव्हा फिटणार, हे तिला माहीत असते काय? मारय्यांना त्या दिवशी जास्तीचे तांदूळ दिसले नाहीत, ते लक्कम्मांना दिसले. मारय्यांनी ते ऐकले, यातही त्यांचा मोठेपणा आहे.

2024 साली डिचोलीत खाण पुन्हा सुरू झाली आहे. पेडण्यात जमिनीचे दलाल दारोदार फिरत आहेत. पुन्हा अंगणात तांदूळ सांडले आहेत. पदर पसरण्यापूर्वी आज रात्री इष्टलिंगपूजा आटोपल्यावर पती-पत्नी दोघांनी वही घेऊन बसावे आणि एकच प्रश्न विचारावा: आपल्या घरचे माप किती?