स्वप्नीचा घाव आणि जागृतीचे मीठ



पेणहून रोह्याकडे अटन करीत असता धरमतर खाडीलगतच्या खारेपाटात एका वासनिकाच्या घरी आमचा मुक्काम पडला. रात्री निरूपण झाले. मंडळी उठल्यावर ते गृहस्थ मागे राहिले व संकोचाने म्हणाले, "बाबा, काल स्वप्नात मी कोयत्याने साप मारला. मी तर अहिंसेचा नेम घेतलेला. मला प्रायश्चित्त सांगा."

मनुष्य भाबडा नव्हता. शंका खरी होती. आम्ही विचारले, "सकाळी मेलेला साप दिसला काय?" "नाही." "मग कोणाचा प्राण गेला?" स्वप्नातील साप, कोयता आणि मारणारा हात ही तिन्ही एकाच मनाची रचना. तेथे दुसरा जीवच नाही, तर पीडा कोणास होणार? परंतु जागे झाल्यावर 'बरे झाले, मारला' म्हणून मन सुखावले असेल, तर ती संमती जागेपणीची आहे. तिच्यासाठी अनुताप हवा, नामस्मरण हवे. गृहस्थ खाली पाहू लागले; त्यावरून जे समजायचे ते आम्ही समजलो.

मग ते म्हणाले, "कीर्तनात तर ऐकतो की अवघा संसारच स्वप्न आहे. तसे असेल तर जागेपणी मारला तरी काय बिघडले?"

हा प्रश्न पहिल्याहून घातक. श्रीचक्रधरस्वामींनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न निरूपिले आहेत. प्रपंच कार्यरूपाने अनित्य खरा. पण नाश पावणे वेगळे आणि मुळात नसणे वेगळे. (प्रत्यक्ष शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात विज्ञानवाद्यांचे खंडन करताना, जागृतीचा अनुभव स्वप्नासारखा नव्हे, असेच म्हटले आहे. संसारास सर्रास स्वप्न म्हणणारे हे विसरतात.)

गृहस्थ शेतकरी, म्हणून त्यांना त्यांच्याच शेतातले सांगितले. स्वप्नात बंधाऱ्याला खांड गेली, उधाणाचे पाणी भातात शिरले, आपण ओरडत उठलो; पाहावे तो शेत जसेच्या तसे. जागेपणी खांड गेली तर ओहोटीबरोबर पाणी उतरते, मीठ मात्र जमिनीत राहते. पुढील काही पावसाळे ते धुवून निघावे लागते. शिवाय ते पाणी एकाच्या बांधाशी थांबत नाही. ज्याच्या आळसाने खांड गेली त्याच्या शेजाऱ्याचेही पीक बुडते. जागृतीतील कर्म असे मागे उरते.

आणखी एक. जागा मनुष्य स्वप्न आठवून त्याचा निवाडा करतो; स्वप्नातल्या मनुष्यास जागृतीची बहुधा आठवणही नसते. आमच्या त्या वासनिकास प्रायश्चित्ताची चिंता पडली तीही जागे झाल्यावरच.

पुढे नागोठण्यास एका वृद्ध बाईंनी हेच दुसऱ्या अंगाने सांगितले. १९८९ च्या जुलैत अंबा नदीला महापूर आला, तेव्हा पाण्याचा आवाज त्यांना झोपेत ऐकू आला. स्वप्न समजून त्यांनी कूस बदलली. शेजारणीने दार बडवून उठविले.

"स्वप्नातली असती तर ती माझ्याच मनची असती, बाबा," त्या म्हणाल्या. "ती तर स्वतःच्या घरात पाणी शिरत असता माझ्याकडे आली होती."

रोह्याची वाट चालताना आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.