संशयाचा फायदा

वर्तमानपत्रातली खटल्याची बातमी ‘संशयाचा फायदा देऊन आरोपीची मुक्तता’ या शब्दांनी संपली, की वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू उमटते. ‘सुटला लेकाचा!’ असे कोणी म्हणतो, कोणी नुसतेच पान उलटतो. संशयाचा फायदा ही आपल्या लेखी कायद्यातली पळवाट आहे. वकील हुशार, पुरावा कच्चा, म्हणून गुन्हेगार मोकळा, असे आपले सरळ गणित असते. न्यायवैद्यकशास्त्राच्या प्रगतीने ते अधिकच पक्के झाले आहे. रक्ताच्या थेंबावरून माणूस ओळखता येतो, शरीरातले विष अत्यल्प असले तरी सापडते. मग संशयाला जागा उरलीच कुठे, असे माझे दहावीचे विद्यार्थीही विचारतात. ज्या शास्त्राने संशय संपवायचा, त्याचा इतिहास मात्र निराळेच सांगतो.

१० सप्टेंबर १९८४ रोजी इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांना डीएनएवरून व्यक्ती ओळखण्याची पद्धत गवसली. (आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत डॉ. लालजी सिंह यांनी १९८८ च्या सुमारास हे तंत्र स्वबळावर उभे केले.) त्याच लेस्टर परगण्यात १९८३ आणि १९८६ मध्ये १५ वर्षांच्या दोन मुलींवर बलात्कार होऊन त्यांचे खून झाले होते. १७ वर्षांच्या एका मुलाने दुसऱ्या खुनाची कबुली दिली. पहिला खूनही त्याचाच, हे सिद्ध व्हावे म्हणून पोलिसांनी नमुने जेफ्रीज यांच्याकडे दिले. निष्कर्ष असा आला की, दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे आहेत आणि तो माणूस हा मुलगा नव्हे.

म्हणजे गुन्हेगार पकडण्याआधी या शास्त्राने एका निरपराध मुलाला सोडवले, आणि तेही त्याच्या स्वतःच्या कबुलीतून! पुढे परिसरातील सुमारे ५,००० पुरुषांचे नमुने घेतले गेले. त्यांतून खुनी हाती लागला नाही, कारण त्याने आपल्या जागी बेकरीतल्या एका सहकाऱ्याला रक्त द्यायला पाठवले होते. ही गोष्ट त्या सहकाऱ्याच्या तोंडून बाहेर पडली, ऐकणाऱ्या एका बाईने पोलिसांना कळवली, आणि १९८८ मध्ये खुन्याला जन्मठेप झाली. प्रयोगशाळेलाही शेवटी एका माणसाच्या सचोटीची गरज लागली.

विषशास्त्राची कथा याहून दुःखद आहे. १८३६ मध्ये जेम्स मार्श याने सोमल ओळखण्याची खात्रीची कसोटी प्रसिद्ध केली आणि विष घालणाऱ्यांचा निर्धास्तपणा संपला. पण १९८९ साली अमेरिकेतील सेंट लुईसच्या परिसरात काही महिन्यांचे एक बाळ दगावले. त्याच्या रक्तात एथिलीन ग्लायकॉल असल्याचा अहवाल आला. मोटारीच्या रेडिएटरमधले पाणी गोठू नये म्हणून घालतात ते हे विषारी द्रव्य. आईला अटक झाली. कोठडीत असताना तिला दुसरा मुलगा झाला. तो तिच्यापासून दूर वाढत होता, तरी त्यालाही तीच लक्षणे दिसली. निदान झाले ते मिथाइलमॅलोनिक ॲसिडिमिया या आनुवंशिक रोगाचे. तरीही १९९१ च्या जानेवारीत ती खुनी ठरली. या रोगाची बाजू पंचांपुढे आलीच नाही. नंतर शास्त्रज्ञांनी पहिल्या बाळाचे रक्त पुन्हा तपासले, तेव्हा विष म्हणून गणले गेलेले द्रव्य त्या रोगामुळे शरीरातच तयार झालेले प्रोपिऑनिक आम्ल निघाले. त्याच वर्षी ती सुटली.

दोन भाषांच्या गावात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही चूक चटकन कळेल. मराठी आई मुलाला ‘हालू नकोस’ म्हणते. कानडी शेजारणीच्या कानावर ‘हालू’ पडते आणि तिला वाटते, दुधाचे काही चालले आहे. कानाने जे ऐकले ते खरेच असते, अर्थ मात्र दुसऱ्या भाषेतला लागतो. यंत्राला दिसलेली खूणही खरी होती. ती कशाची, हे माणसांनी ठरवले.

ऑस्ट्रेलियातील कॅथलीन फॉलबिग यांची चार बाळे १९८९ ते १९९९ या काळात एकामागून एक गेली. २००३ मध्ये न्यायालयाने आईलाच दोषी ठरवले. तिच्या रोजनिशीतली दुःखाची वाक्ये कबुलीसारखी वाचली गेली. पुढे दोन्ही मुलींमध्ये हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारा जनुकीय बदल आढळला. जून २०२३ मध्ये तिला माफी मिळाली आणि डिसेंबरमध्ये शिक्षापात्रतेचे निकाल रद्द झाले. तोवर २० वर्षे तुरुंगात गेली होती. इथे आनुवंशिकीने खात्री दिली नाही, रास्त संशय दिला. न्यायाला तेवढा पुरेसा होता.

कोणी म्हणेल, ज्या घरातली मुलगी गेली त्यांना संशयाचे हे तत्त्वज्ञान काय कामाचे? त्यांचा संताप खरा आहे आणि त्यांच्यापुढे शब्दही जपूनच उच्चारावा. पण लेस्टरच्या त्या मुलाला शिक्षा झाली असती, तर त्या मुलींचा खुनी मोकळाच राहिला असता. चुकीच्या माणसाला मिळालेल्या शिक्षेने आईबापांचे समाधान होईल, न्याय होत नाही.

आणि हा प्रश्न कोर्टकचेरीपुरता नाही. आपल्या घरांतून, गल्ल्यांतून रोज निकाल लागत असतात. लग्नानंतर वर्षभरात घरात मृत्यू झाला, की सून ‘पांढऱ्या पायाची’ ठरते. लागोपाठ मुले दगावली, की बोट आईकडेच जाते. वर्गात पेन हरवले, की सगळ्यांच्या नजरा एकाच गरीब मुलाकडे वळतात. इथे ना प्रयोगशाळा असते, ना वकील, ना वरचे न्यायालय. न्यायाधीशाला निदान आपल्या निकालाची कारणे लिहावी लागतात. आपल्याला तेवढेही बंधन नसते.

ज्या शास्त्राजवळ खात्रीची एवढी साधने आहेत, त्यालाही आपला निष्कर्ष पुन्हा तपासावा लागतो. आपल्याजवळ तर नुसती कुजबुज असते. मग संशयाचा फायदा द्यायला आपणच इतके कृपण का असावे?