तक्रार थांबली, म्हणजे दोष गेला काय?

तक्रार थांबणे आणि दोष जाणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे विचारले असता कोणीही मान्य करील. व्यवहारात मात्र आपण त्या एकच धरून चालतो. ताप उतरला की रोग गेला, धनको तगाद्याला आला नाही की कर्ज विसरले गेले, घरातील माणूस बोलेनासे झाले की त्याचे समाधान झाले, असे मानण्याची मनाला सोयीची सवय असते. ही सवय निव्वळ आळसाची आहे, की तिच्यात काही नैतिक दोषही आहे? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे एका यंत्राच्या आधारे करू इच्छितो. माणसांविषयी विचार करताना आपले रागलोभ आड येतात. यंत्राविषयी विचार करताना ते काही काळ बाजूला ठेवता येतात.

हे यंत्र म्हणजे स्टर्नड्राइव्ह पद्धतीची मोटारनौका. १९५९ साली न्यूयॉर्कच्या नौकाप्रदर्शनात व्होल्व्हो पेंटा या स्वीडिश कंपनीने ‘अ‍ॅक्वामॅटिक’ नावाने ही रचना लोकांपुढे आणली. तिच्यामागे जिम विन या अमेरिकन अभियंत्याची कल्पना होती. १९६१ मध्ये मेरक्रूझरही या क्षेत्रात उतरली, आणि पुढे अमेरिकेतील सरोवरांवर सहलीसाठी अशा हजारो नौका फिरू लागल्या. त्यांपैकी तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या कित्येक आजही पाण्यात आहेत. रचना अशी, की इंजिन नौकेच्या आत असते आणि पंखा फिरवणारा पाय, ज्याला ड्राइव्ह म्हणतात, तो मागच्या भिंतीबाहेर पाण्यात असतो. हा पाय डावी-उजवीकडे वळतो, म्हणून वेगळे सुकाणू लागत नाही. आणि तो वर-खालीही झुकतो, त्या झुकावाला ‘ट्रिम’ म्हणतात. इंजिनाची शक्ती भिंतीतून बाहेर नेणाऱ्या दांड्याला गिंबल बेअरिंगचा आधार असतो, वळणाची आणि झुकण्याची मोकळीक युनिव्हर्सल जॉइंट देतात, आणि या सर्वांभोवती पाणी आत येऊ नये म्हणून घड्यांचा रबरी भाता असतो. आमच्या प्रश्नाचा गाभा याच सांध्यापाशी आहे.

जुनी नौका बोलू लागते ती बहुधा येथूनच. अशा वेळी मराठी भाषेची श्रीमंती कामी येते. सैल पट्टा किंचाळतो, झिजलेले बेअरिंग घरघरते, ढिला जॉइंट टकटकतो, पात्याला पोचा आलेला पंखा साऱ्या नौकेला थरथरवतो. ‘काहीतरी आवाज येतो’ असे म्हणणाऱ्याने अजून ऐकलेलेच नसते. आवाजाला नेमके नाव देणे ही निदानाची पहिली पायरी होय. पुढची पायरी म्हणजे तो केव्हा येतो हे पाहणे: इंजिनाच्या वेगाबरोबर वाढतो की नौकेच्या, सरळ जाताना येतो की वळताना, पाय खाली असताना येतो की वर.

या शोधाची तर्कपद्धती आपल्या परंपरेला परकी नाही. न्यायसूत्रांत ‘शेषवत्’ नावाचे अनुमान सांगितले आहे. भाष्यकार वात्स्यायनांनी त्याचे दोन अर्थ दिले आहेत. पहिला अर्थ कार्यावरून कारणाकडे जाणे: नदी फुगलेली दिसली, तेव्हा वर कोठेतरी पाऊस झाला असावा. दुसरा अर्थ परिशेषाचा: संभाव्य कारणे एकेक करून वगळावीत आणि जे उरेल ते स्वीकारावे. निष्णात कारागीर हे दोन्ही मार्ग वापरतो. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या भागावर टेकवून मूठ कानाशी धरतो. परंतु धातू आवाज दूरवर वाहून नेतो हे जाणून एका जागेवर विश्वास न ठेवता अनेक जागा ताडून पाहतो. पट्टा उतरवून इंजिन क्षणभर चालवतो. आवाज गेला तर पट्ट्यावर चालणाऱ्या भागांवर संशय धरतो. ड्राइव्ह काढल्यावरही आवाज राहिला, तर दोष इंजिनाच्या बाजूस आहे असे समजतो. तो गेला, तर गिंबल बेअरिंगमध्ये बोट घालून ते हळूच फिरवतो. त्या वेळी बोटाला जाणवणारी खरखर हे प्रत्यक्ष प्रमाण होय.

आता ट्रिमकडे वळू. पाय आत, म्हणजे खाली घेतला की नौकेची नाळ खाली दबते. बाहेर काढला की ती उचलली जाते. निघताना तो आत असावा, म्हणजे नौका लवकर पाण्यावर आरूढ होते. वेग आल्यावर तो हळूहळू बाहेर काढावा, म्हणजे पाण्याला टेकणारा भाग कमी होऊन नौका हलकी धावते. फार बाहेर काढला तर नाळ वर-खाली उसळू लागते आणि पंखा हवा ओढतो. वेगात फार आत ठेवला तर नाळ पाणी नांगरते आणि नौका एकाएकी बाजूस भरकटू शकते. समोरून लाटा आल्या तर थोडा आत, दोन माणसे पुढे जाऊन बसली तर थोडा बाहेर. योग्य कोन असा एकच नाही, आणि म्हणून कोणताही कोन चालेल असेही नाही. अ‍ॅरिस्टॉटलने नीतिविषयक ग्रंथात म्हटले आहे, की आचरणात कर्त्याला प्रसंगास काय उचित ते स्वतः पाहावे लागते, जसे वैद्यकात आणि नौकानयनात. आपल्या भाषेत यासाठी ‘तारतम्य’ हा सुरेख शब्द आहे. ‘तर’ आणि ‘तम’ या तुलनेच्या प्रत्ययांपासून तो घडला. तारतम्य म्हणजे अधिक-उण्याचे जागते भान.

परंतु येथेच एक मोह दडलेला आहे. झिजलेला जॉइंट वळणात किंवा पाय उचलला असता अधिक वाजतो. सरळ आणि खाली ठेवला की बराच शांत होतो. मालकाच्या हे लक्षात येते. तो वळणे रुंद घेऊ लागतो, पाय खालीच ठेवू लागतो, आणि वर्षभरात आवाज विसरतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे तारतम्यच वाटेल. मात्र भाता फाटून आत पाणी शिरत असेल, तर बेअरिंग त्या शांततेतही गंजतच असते. आणि भात्याची फट वाढली तर धक्क्याला बांधलेली नौकाही बुडू शकते. कोन बदलल्याने कानाला आराम मिळाला, दोषाला मात्र अवधी मिळाला.

मग कोन बदलणे हेच वाईट काय? तसे नाही. इंजिन जोराने फिरते पण नौका वेग घेत नाही, अशी तक्रार असता जाणता मनुष्य प्रथम पाय आतच घेतो. पकड परत आली तर पंखा हवा ओढत होता. नाही आली तर पंख्याच्या मध्यातील रबर सुटले असण्याचा संभव. कृती तीच, पण येथे ती प्रश्न विचारते. आधीच्या उदाहरणात तिने प्रश्न मिटवला. आमच्या मते नैतिक भेद नेमका येथे आहे. जुळवून घेतल्यानंतर आपले लक्ष जागे राहिले की निजले, यावरून त्या जुळवून घेण्याचे मोल ठरते.

यावर कोणी म्हणेल, की जुन्या यंत्राच्या प्रत्येक आवाजामागे धावणाऱ्याची नौका कधी पाण्यात उतरायचीच नाही. आक्षेप रास्त आहे. जुनेपणाला स्वतःचा आवाज असतो, आणि काही आवाज सोबतीलाच ठेवावे लागतात. परंतु ज्याचे कारण कळले आहे आणि जो वाढत नाही, तो आवाज सोसणे हा विवेक. ज्याचे कारण शोधलेच नाही, तो सोसणे ही केवळ सवय. दोन्हींत बाहेरून दिसणारी शांती सारखीच असते, म्हणून फसगत होते.

आपल्यासारख्या पिढ्यानुपिढ्या महाराष्ट्राबाहेर वसलेल्या कुटुंबांना हा भेद परका नसावा. जुळवून घेणे हा आपला गुण म्हणून सांगितला जातो, आणि तो गुण आहेच; घरात मराठी आणि बाहेर गुजराती, हिंदी, कन्नड किंवा तेलुगू, असे तारतम्य आपण सहज सांभाळले. तथापि याच घरांत एखादी सून दोन वर्षे कुरकुरून नंतर गप्प झाली, तेव्हा ‘आता रुळली’ असे आपण म्हटले. एखादे आजोबा गुडघ्याचे दुखणे सांगेनासे झाले, तेव्हा ‘बरे वाटते आहे’ असे धरले. नातवंड आजीशी मराठीत बोलताना अडखळू लागले आणि मग बोलेनासेच झाले, तेव्हा ‘मोठे झाले’ असे समजलो. यांतील काही शांतता खऱ्या समाधानाच्या असतील. काही तशा नसतील. कोणती कोणती, हे विचारल्यावाचून कळत नाही.

यंत्राला एक सोय आहे. तक्रार दाबली गेली तरी ते पुढे मोडून तरी सांगते. माणूस पुष्कळदा तेही करीत नाही. तो वळणे रुंद घेत, पाय खाली ठेवून, उरलेला प्रवास शांतपणे करतो, आणि आपण त्याच्या शांतपणाचे कौतुक करतो. म्हणून बोलणाऱ्याचे ऐकणे हे अर्धेच कर्तव्य होय. पूर्वी जो बोलत असे आणि आता बोलत नाही, त्याच्यापाशी जाऊन बसणे आणि का ते विचारणे, हे उरलेले अर्धे. कुरकुर ऐकू येते तोवर निदानाला वाव असतो. ती थांबली, तर आनंद मानण्यापूर्वी आपण नेमके काय केले म्हणून ती थांबली, एवढे तरी स्वतःस विचारावे.