देहाचा नेम, मनाचा निश्चय





जयंतीचा सप्ताह जवळ आला की दोन प्रश्न मला हमखास विचारले जातात. एक, पारायणाला कधी बसायचं. दुसरा जरा आवाज खाली आणून विचारतात : "बुवा, ठरवतो हो, पण तडीस जात नाही. पूर्वीसारखा निश्चय राहिला नाही आता. काय करावं?" विचारणारे बहुतेक साठी-सत्तरीचे. आयुष्यभर संसार ओढलेले, मुलींची लग्नं केलेले, घर बांधलेले. आणि आता पहाटेचा गजर वाजला की पांघरुणातून हात बाहेर येतो, गजर बंद करतो आणि परत आत जातो.

माझं उत्तर ऐकून पुष्कळांना हसू येतं. मी म्हणतो, निश्चय मनात शोधू नका, पायांत शोधा.

यात थट्टा नाही. मनानेच मनाला आवरायचं म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या. मन कबूलही लगेच करतं आणि सबबही लगेच काढतं. थंडी आहे, रात्री झोप लागली नाही, उद्या गुरुवार आहे तेव्हा उद्यापासून. देहाचं तसं नाही. देह एक तर उठला किंवा नाही उठला. तिथे लबाडीला जागा नाही. म्हणून मन वळवायचं असेल तर देहाच्या बाजूने जावं. अर्जुनाने मन वाऱ्यासारखं आहे अशी तक्रार केली, तेव्हा भगवंतांनी ती नाकारली नाही. अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगितले. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. जे करायचं ते कशाने करणार? हाताने, पायाने, जिभेने.

गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार आहेत. आधी शरीराचं, मग वाणीचं, मग मनाचं. तिथे शारीर तप म्हणजे व्यायाम नव्हे, हे खरं. पूजा, शुचिता, सरळपणा असं ते आहे. पण क्रम बघा. मनाचं तप सर्वांत शेवटी येतं.

आणि आपल्या श्रीगुरुचरित्राच्या सप्ताहाचे नियम आठवा. एकाच जागी बसा, मध्ये उठू नका, चटईवर झोपा, खाणं साधं ठेवा. यातला कुठला नियम 'असा विचार करा' म्हणून सांगतो? सगळे देहाचे आहेत. आपल्या वाडवडिलांना माणसाचं मन चांगलं ठाऊक होतं. देहाला सात दिवस एका जागी बांधलं की मन दोन दिवस उड्या मारतं आणि तिसऱ्या दिवशी मुकाट्याने शेजारी येऊन बसतं.

आमच्या मंदिरात रोज येणारे एक निवृत्त गृहस्थ. पत्नी गेली आणि चार महिने ते घराबाहेर पडले नाहीत. सून सांगायची, बाबा सकाळी खुर्चीत बसतात ते रात्री उठतात. मी भेटायला गेलो. आत्मा अमर आहे वगैरे सांगायला गेलो नव्हतो, ते त्यांना माझ्याइतकंच पाठ होतं. मी म्हटलं, "अण्णा, उद्यापासून औदुंबराला तीन प्रदक्षिणा. जप नको, ध्यान नको. नुसतं चालायचं." ते म्हणाले, "मन नाही लागत हो कशात." मी म्हटलं, "मन राहू द्या घरी. पाय तेवढे आणा."

पहिले आठ दिवस सून हाताला धरून आणत होती. मग ते एकटे येऊ लागले. तीनाच्या पाच झाल्या, पाचाच्या अकरा. एका सकाळी पाऊस असा की पुजारी आणि मी दोघेच मंदिरात. पुजारी म्हणाले, आज काही येत नाहीत ते. तेवढ्यात काळी छत्री दारात दिसली. त्या दिवशी मला कळलं की निश्चय परत आला. दुःख गेलं असं म्हणणार नाही. आजही शेजारतीला त्यांचे डोळे भरतात. पण बँकेचे कागद, गावच्या जमिनीचा सातबारा, अशी तुंबलेली कामं त्यांनी एकेक करून हातात घेतली. ती करा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. रोज पहाटे 'नको' म्हणणाऱ्या मनाला डावलून उठायची जी सवय झाली, तीच तिथे कामाला आली.

कोणी म्हणेल, आमचं शरीरच साथ देत नाही. त्यांनी श्रीमत् वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराजांचं चरित्र वाचावं. १८५४ साली माणगावात जन्म, १९१४ साली नर्मदातीरी गरुडेश्वरला समाधी. संन्यासानंतर उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत महाराज पायी फिरले, वाहन नाही. आणि हे सगळं संग्रहणीसारखा चिवट विकार अंगात घेऊन. देह धडधाकट होता म्हणून चालले, असं नाही. आपण त्यांची बरोबरी करायची नाही, पण सबब सांगताना त्यांची आठवण असावी.

गिरनारला गेलेल्यांना आणखी एक अनुभव असेल. सुमारे दहा हजार पायऱ्या. २०२० पासून अंबामातेपर्यंत रोपवे झाला, तो ज्येष्ठांनी जरूर घ्यावा, त्यात कमीपणा नाही. पण खरी परीक्षा त्यापुढे आहे. गोरखनाथांच्या शिखरानंतर वाट खाली उतरते. एवढं चढून मिळवलेली उंची पायऱ्या-पायऱ्यांनी हातची जाते आणि समोर दत्तशिखर पुन्हा उभंच्या उभं! पायांपेक्षा मनच तिथे खचतं. त्या ठिकाणी शिखराकडे बघू नये. पुढची पायरी बघावी, दहा मोजाव्यात, टेकावं, पुन्हा दहा. ही युक्ती डोंगरावर शिकता येत नाही, घरच्या जिन्यावर शिकून जावी लागते.

मात्र हट्ट आणि निश्चय यांत घोळ करू नका. मूढ हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेल्या तपाला त्याच सतराव्या अध्यायात तामस म्हटलं आहे. गुडघा सुजलेला असताना एकशे आठ प्रदक्षिणांचा आग्रह म्हणजे तेच. छातीत दुखलं, दम लागला, भोवळ आली तर थांबायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. हृदयविकार, रक्तदाब असलेल्यांनी सुरू करण्याआधीच विचारावं.

आता, करायचं कसं? पूजेचा संकल्प आठवा. हातावर पाणी घेऊन आपण कल्पापासून सुरुवात करतो आणि संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार असं करत आजच्या दिवसापर्यंत येतो. कुठल्या नदीच्या तीरी बसलो तेही सांगतो. मग आपलं नाव, गोत्र आणि नेमकं कर्म. एवढी चोख नोंद झाल्यावर पाणी सुटतं. आणि व्यायामाचं ठरवताना आपण काय म्हणतो? 'आता जरा चालायला लागलं पाहिजे.' याला संकल्प कसा म्हणायचा? यात दिवस नाही, वेळ नाही, संख्या नाही.

तेव्हा या मार्गशीर्ष पौर्णिमेला, जन्मकाळाचा गुलाल पडल्यावर, हातावर पाणी घ्या. पुढच्या पौर्णिमेपर्यंत, अमुक वाजता, अमुक जागी, इतकं, असं बोला. सूर्यनमस्कार जमत असतील तर बाराची उडी नको, तीन बोला. औंधचे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानच्या शाळांतून पोरांकडून नमस्कार घालून घेतले आणि स्वतःही वर्षानुवर्षे घातले. पण ते सवयीचे होते, आपण नाही. वाकता येत नसेल तर भिंतीला लावलेल्या खुर्चीवरून, जमेल तर हातांचा आधार न घेता, पाच वेळा उठा-बसा. वापर थांबला की मांडीचे स्नायू झिजतात, आणि म्हातारपणी परावलंबन येतं ते पुष्कळदा तिथूनच. संख्या इतकी लहान बोला की वाईटातल्या वाईट दिवशीही होईल. एखादा दिवस चुकलाच तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका, ठरलेलं तेवढंच करा.

मार्गशीर्षात प्रदक्षिणेच्या मार्गावरची फरशी पहाटे फार गार असते आणि अभिषेकाच्या पाण्याने निसरडी होते. यंदा त्यावर काथ्याच्या पट्ट्या अंथरल्या आहेत. ज्येष्ठांनी कठड्याच्या बाजूने चालावं. काकडआरतीनंतर मी तिथेच असतो.