आकडे बरोबर, पाणी दूषित

रुग्णालयात पाणी हा देखभाल विभागाचा विषय आणि न्यूमोनिया डॉक्टरांचा. लेजिओनेला हा जिवाणू या वाटणीचाच फायदा घेतो.

1976 साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं होतं. त्यानंतर अनेकजण न्यूमोनियाने दगावले आणि हा आजार जगापुढे आला. जिवाणू पाण्यात, विशेषतः कोमट पाण्यात, वाढतो आणि शॉवर, नळ, कूलिंग टॉवर यांतून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांवाटे फुफ्फुसात शिरतो. धडधाकट माणूस बहुधा त्यातून निभावतो. अवयवरोपण झालेला किंवा कर्करोगाचे उपचार घेणारा रुग्ण निभावेलच असं नाही. अशी माणसं रुग्णालयातच एकवटलेली असतात.

पिट्सबर्गचं माजी सैनिकांचं सरकारी रुग्णालय या जिवाणूच्या अभ्यासासाठी नावाजलेलं होतं. तिथली खास प्रयोगशाळा 2006 मध्ये बंद झाली. जिवाणू मारण्यासाठी पाण्यात तांबं-चांदीचे आयन सोडणारी यंत्रणा मात्र चालू होती. तरीही 2011-12 मध्ये तिथे 22 जणांना लागण झाली, 6 जण दगावले. तपासात 25 ठिकाणचे नमुने घेतले, त्यांपैकी 23 ठिकाणी जिवाणू निघाला. आयनांची सरासरी पातळी यंत्र बनवणाऱ्यांनी सांगितली होती तेवढी किंवा त्याहून जास्तच होती.

माझ्या मते या प्रकरणातली खरी गोम इथे आहे. औषध किती सोडलं हे मोजणं सोपं, म्हणून तेवढं मोजून समाधान मानलं जातं. जिवाणू मेला का, हे कळायला पाण्याचं कल्चर करावं लागतं आणि न्यूमोनियाचा रुग्ण आला की त्याचीही तपासणी करावी लागते. तीही अर्धवट चालत नाही: लघवीची झटपट चाचणी मुख्यतः एकाच उपप्रकाराची लागण ओळखते, म्हणून थुंकीचं कल्चर हवंच. शिवाय पेनिसिलिनच्या जातीची नेहमीची औषधं इथे निकामी ठरतात. निदान हुकलं तर उपचारही हुकतो.

उपाय साधे आहेत, पण ते रोज करावे लागतात. गरम पाणी 60 अंशांवर साठवायचं, थंड पाणी 20 अंशांखाली ठेवायचं. रुग्ण भाजू नये म्हणून मिश्रण-झडप लागते. ती नळाच्या जितकी जवळ, तितका पुढचा कोमट पाइप आखूड. पाणी जिथे साचून राहतं असे बंद पाइप कापून टाकायचे, रिकाम्या खोल्यांतले नळ नियमित वाहते ठेवायचे आणि नेब्युलायझरमध्ये नळाचं पाणी कधीच भरायचं नाही.

आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं ‘थंड’ पाणी 20 अंशांखाली राहणं जवळजवळ अशक्यच. म्हणून इथे निर्जंतुकीकरण आणि नियमित चाचणी यांवरच जास्त भिस्त ठेवावी लागेल. पाण्याचे अहवाल आणि वॉर्डातले न्यूमोनियाचे रुग्ण एकाच टेबलावर, एकाच माणसाच्या नजरेखाली आले पाहिजेत. त्या माणसाला नळ बंद करण्याचा अधिकारही हवा. तो नसेल, तर कितीही महागडं यंत्र बसवलं तरी रुग्णालयाने पाणी सुरक्षित असल्याचं सांगू नये.