वाऱ्याचे आकडे वाचताना

चि. बापूस,


ॲपवर वारा १८ चा दाखवत होता, तरी कांदाचाळीचे पत्रे उडाले, असं तू फोनवर सांगितलंस. पत्रे पुन्हा बसतील. पण अंदाज कसा वाचायचा ते आता नीट समजून घे.

तू वाचलेला १८ हा सरासरी वेग. जागतिक रीतीप्रमाणे ही सरासरी १० मिनिटांची धरतात. तिच्याशेजारी 'गस्ट' म्हणून दुसरा आकडा असतो. तो झोताचा, म्हणजे जेमतेम ३ सेकंदांचा. पत्रा उडायला तेवढा वेळ पुरतो. फवारणी कधी करायची हे सरासरी वेगावर ठरव. चाळ, शेडनेट आणि पपईची झाडं यांची काळजी झोतावरून कर.

वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी २० किलोमीटरचा वारा समोरून आदळला तर चौरस मीटरला साधारण २ किलोचा भार पडतो. ४० ला तो ८ च्या घरात जातो आणि ६० ला १७ च्या. म्हणजे ३ मीटर लांब, १ मीटर रुंद पत्र्यावर ५० किलो. छताच्या बाबतीत तर वारा वळचणीखालून आत शिरतो आणि पत्रा खालून उचलतो. म्हणून कडेचे हूक आधी सुटतात.

आकडा कोणत्या मापात आहे तेही बघ. मीटर प्रति सेकंद असेल तर ३.६ ने गुण, नॉट असेल तर १.८५ ने.

हा वेग मोकळ्या जागी, १० मीटर उंचीवरचा असतो. माणसाच्या डोक्याच्या उंचीला तो साधारण पाऊण भरतो. उलट सोनगीरच्या किल्ल्याच्या टेकडीवर तोच वारा जोर धरतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पठारावर उंच पवनचक्क्या उभ्या केल्या त्या याच हिशोबाने.

दिशा म्हणजे वारा येतो ती बाजू. पश्चिमेचा वारा पूर्वेकडे जातो. काही ॲपमधला बाण मात्र वारा जातो तिकडे तोंड करतो, म्हणून बाणासोबतची अक्षरंही वाच. पावसाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो, तेव्हा चाळीची ती बाजू भक्कम हवी.

पण वळवाचं वादळ हा हिशोब मोडतं. ढगातून गार हवा खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. तापलेल्या दुपारी वारा एकदम पडला, मग भलत्याच दिशेने गार झुळूक आली आणि मागे धूळ उठलेली दिसली, की हातातलं काम टाकून आडोसा गाठ. ॲपचा अंदाज काही किलोमीटरच्या चौकोनाचा असतो. तुझ्या शिवारावर येणारा एकटा ढग त्याला सकाळी दिसत नाही. यासाठी हवामान खात्याचा पुढच्या ३ तासांचा इशारा पाहायचा. त्यात 'ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा' असं आलं, तर तो धोका अख्ख्या जिल्ह्याला असतो. आपल्याकडे ऊन आहे म्हणून तो खोटा ठरवू नकोस.

फवारणीला ताशी ३ ते १५ किलोमीटरचा एका दिशेचा वारा बरा. पहाटेची हवा अगदी स्तब्ध असेल तेव्हाही थांब, कारण बारीक थेंब खाली न बसता तरंगत दूर जातात. वारा शेजाऱ्याच्या भाजीपाल्याकडे किंवा विहिरीकडे वाहत असेल तर त्या दिवशी पंप उचलूच नकोस.

दर वर्षी आखाजीच्या आधी चाळीचे हूक आवळून घे, आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी जेवण झालं की इशारा बघत जा. वारा सुटल्यावर मात्र कोणालाही पत्रे धरायला वर चढवू नकोस. पत्रा बाजारात मिळतो.

कळावे.

तुझा,
मामा